तांबीची तारीख कोणाकडे?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या दोन दिवसांच्या आरोग्य शिबिरात, निवृत्त एएनएम असलेल्या आमच्या एका मैत्रिणीने केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



बोलायला सुरुवात करण्याआधी ही बाटली हातोहात फिरवा. झाकण घट्ट आहे, घाबरू नका. आत काय आहे ते बघा आणि सांगा.

कोणी म्हणतंय खडूचा तुकडा. कोणी म्हणतंय शिंपला. मागून त्या काकू म्हणाल्या, ‘दातावर किटण चढतं तसं काहीतरी चढलंय.’ काकू, तुम्ही सगळ्यांत जवळ गेलात. त्या किटणाच्या आत एक तांबी आहे. कॉपर टी. एका बाईच्या पिशवीत ती २९ वर्षं होती. तिने स्वतःहून मला ही बाटली दिली आणि म्हणाली, ‘सिस्टर, बायकांना दाखवा. माझं नाव नका सांगू, पण ही दाखवा.’

तिची गोष्ट आधी सांगते. १९८९ साली तिची दुसरी खेप झाली. ऑपरेशनला सासू नको म्हणत होती, म्हणून तांबी बसवली. पुढे नवरा गेला. बाई शेतात, रोजगार हमीवर राबत राहिली. तांबी कुणाच्या लक्षात राहणार? तिच्याही राहिली नाही. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी पाळी गेली. पुढे सात वर्षांनी, २०१८ साली, अंगावरून थोडं थोडं लाल जायला लागलं. ती तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात गेली. हाताने तपासलं आणि सांगितलं, पिशवी खराब झाली आहे, काढून टाका. खर्चाचा आकडा ऐकून तिने एक शेळी विकली, गळ्यातलं गहाण टाकलं. तेवढ्यात तिची सून आपल्या गटाच्या बैठकीत हे बोलली. आम्ही म्हटलं, थांबा, आधी सोनोग्राफी करू. दुसरीकडे नेलं. सोनोग्राफीत पांढरी रेघ दिसली, एक्स-रे काढला तर इंग्रजी ‘टी’ अक्षर स्वच्छ उमटलं. दोरा वर सरकून गेलेला, पिशवीचं तोंड वयाप्रमाणे आकसलेलं. भूल देऊन चिमट्याने काढावी लागली. पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, त्यात काही वाईट निघालं नाही. पिशवी आजही तिच्याजवळ आहे.

आता या गोष्टीतली अवघड बाजू सांगते. ती तांबी मीच बसवली होती.

तिची तारीख माझ्या रजिस्टरमध्ये होती. तिच्याजवळ नव्हती. आज मला बोलायचं आहे ते यावरच. पण त्याआधी ते किटण काय असतं, ते समजून घेऊ. कारण ही बाटली बघून उद्या गावात तुम्ही ‘तांबीला दगड चढतो गं बायांनो, काढून टाका’ असं सांगत सुटलात, तर माझं येणं वाया गेलं.

किटण म्हणजे काय

तांबी म्हणजे प्लास्टिकचा एक ‘टी’. त्या प्लास्टिकमध्ये एक्स-रेत दिसावं म्हणून बेरियमचा क्षार मिसळलेला असतो. त्याच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते आणि खाली दोरा. आज सरकारी दवाखान्यात जी ‘३८० ए’ बसवतात, तिच्यातल्या ३८० चा अर्थ तिच्यावर ३८० चौरस मिलिमीटर तांबं उघडं असतं. दांड्यावर तार आणि दोन्ही हातांवर तांब्याची एकेक नळी.

कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, हे आपल्याला आयांनी शिकवलं. कळकतं म्हणजे भांड्यातलं तांबं ताकात उतरतं. पिशवीतही तेच होतं. आतल्या ओलाव्यात तांब्याचे कण थोडे थोडे विरघळतात आणि ते पुरुषबीजाला मारक ठरतात. बीज बाईच्या बीजापर्यंत पोचून फळण्याआधीच निकामी होतं. तांबी काम करते ती अशी. म्हणजे झिजणं हेच तिचं काम. रोज जेवढं तांबं उतरतं ते आपल्या जेवणातून पोटात जाणाऱ्या तांब्यापेक्षा खूपच कमी असतं.

पण वस्तू झिजते तशी तिच्यावर पुटंही चढतात. बोअरचं पाणी तापवणाऱ्या बंबाला आतून पांढरा थर बसतो, हंड्याच्या तळाला क्षार धरतो, ते आपण बघतो. पिशवीतल्या ओलाव्यातही कॅल्शियम असतं, प्रथिनं असतात, अस्तराच्या गळून पडलेल्या पेशी असतात, रक्त असतं. तांबी आत गेली की आधी प्रथिनांचा आणि पेशींचा पातळ लेप बसतो. तांबं काळपट पडतं, घरातला तांब्या न घासता ठेवला तर पडतो तसं. मग हळूहळू त्या लेपावर कॅल्शियमचे क्षार धरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेल्या जुन्या तांब्यांवर असे खडे, भेगा, पापुद्रे दिसले आहेत. हे नुसतं तांब्यावर होतं असं नाही, साध्या प्लास्टिकवरही होतं. काकू, तुमचं दाताचं उदाहरण म्हणूनच बरोबर. दातावरही आधी चिकट लेप, त्यात जंतूंची वस्ती, मग त्याचा दगड.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. वर्षं जातात तसं किटण वाढतं. आणि सगळ्या बायकांत ते सारखं चढत नाही. एकीची तांबी पाच वर्षांनी काढली तर जवळपास स्वच्छ निघते, दुसरीची दोन वर्षांत खरबरीत होते.

त्याने होतं काय

बायका मला तीन प्रश्न विचारतात. तिन्हींची उत्तरं सरळ देते.

पहिला प्रश्न, किटण चढलं की तांबी काम करायची थांबते का? ही शंका शास्त्रज्ञांनाही आली होती. तांबं झाकलं गेलं तर विरघळणार कसं? म्हणून १९७०च्या आणि ८०च्या दशकात काढलेल्या तांब्यांचा पुष्कळ अभ्यास झाला. तार झिजून तुटेल या भीतीने काही कंपन्यांनी तांब्याच्या तारेच्या आत चांदीची तार घातली. पण बायकांवरचा अनुभव काय सांगतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत ३८० ए तांबी बसवलेल्या बायकांमागे १२ वर्षं राहून मोजलं, तेव्हा १२ वर्षांत मिळून शंभरांत सुमारे दोघींनाच दिवस राहिले. म्हणजे तिच्या ठरलेल्या काळात किटणाने तिचं काम बिघडत नाही. तिच्यावर तांबंच एवढं दिलेलं असतं की झिजून, झाकून जाऊनही पुरेसं उरतं. मात्र हे ३८० एचं झालं. जुन्या २०० नंबरच्या तांबीवर तांबं कमी होतं, ती तीन वर्षांनी बदलायला सांगायचो. म्हणून नुसती ‘तांबी आहे’ एवढं कळून भागत नाही, कुठली आहे ते कळलं पाहिजे.

दुसरा प्रश्न, त्यात जंतू धरतात का? धरतात. पण इथे नीट ऐका. तांबीमुळे पिशवीला जंतूबाधा होण्याचा खरा धोका बसवल्यानंतरच्या पहिल्या २० दिवसांत असतो. पुढच्या काळापेक्षा तो सहापटींहून जास्त असतो. कारण बसवताना हात, हत्यार, पिशवीचं तोंड यांतून जंतू आत ढकलले जातात. त्यानंतर धोका खूप खाली येतो. म्हणजे तिथे दोष किटणाचा नसतो, स्वच्छतेचा आणि आधीच्या तपासणीचा असतो.

जुन्या तांबीबाबत एका जंतूचं नाव तुम्हाला रिपोर्टमध्ये दिसेल, ॲक्टिनोमायसिस. पिशवीच्या तोंडाचा पॅप टेस्टचा नमुना घेतला की कधी कधी हा सापडतो. नुसत्या प्लास्टिकच्या लूपवर तो जास्त दिसायचा, तांब्यावर कमी, आणि वर्षं वाढतील तसा जास्त. रिपोर्टमध्ये हे नाव आलं आणि बाईला काहीच त्रास नसेल तर तांबी काढायची गरज नसते, औषधाचीही नसते. पण ताप, ओटीपोटात दुखणं, घाण वासाचं पाणी, वजन उतरणं असं काही असेल तर लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायचं. हा जंतू पोटात पसरला तर गाठी होतात, त्या कॅन्सरसारख्या दिसतात आणि बाईची नको ती ऑपरेशनं होतात. असं क्वचित होतं, पण होतं. आणि डॉक्टरला ‘हिच्या पिशवीत जुनी तांबी आहे’ एवढं सांगितलं तर निदान लवकर होतं. पुन्हा गाडी तिथेच येते, सांगायला बाईला ते ठाऊक हवं.

तिसरा प्रश्न, कॅन्सर होतो का? तांबीमुळे पिशवीचा कॅन्सर होतो असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. तांबी वापरणाऱ्या बायकांत पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर उलट कमी आढळल्याचं मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. पण पाळी गेल्यावर वर्षभराने अंगावरून लाल गेलं, तर तांबी असो नसो, तपासायचंच. माझ्या त्या बाईला तांबीमुळे जात होतं म्हणून तिच्या अस्तराची तपासणी टाळली नाही, हेही लक्षात घ्या.

मग किटणाचा त्रास कुठे? पाळी गेल्यानंतर. पिशवी आकसते, तिचं तोंड घट्ट होतं, दोरा वर जातो. आत खरबरीत झालेली वस्तू अस्तराला घासते, कधी रुतून बसते. पाळी चालू असताना दोरा ओढून दोन मिनिटांत निघणारी तांबी तेव्हा भूल देऊन काढावी लागते. म्हणून नियम साधा आहे: शेवटच्या पाळीला वर्ष झालं की तांबी काढून घ्यायची. तिचं काम संपलं.

दोऱ्याची गोष्ट

आपल्याकडे सरकारी कुटुंबनियोजनात लूप आला १९६५ साली. लिपीज लूप, जॅक लिपीज नावाच्या अमेरिकन डॉक्टरने बनवलेला, प्लास्टिकचा, नागमोडी. त्याला तांबं नव्हतं. प्लास्टिकला काय होणार, म्हणून त्याला मुदतही नव्हती. बाईला त्रास नसेल तर पाळी जाईपर्यंत राहू द्या, असं धोरण होतं. गावोगाव शिबिरं झाली. रक्तस्राव झाला, कंबर धरली, लूप पडला, तर बघायला मागे कोणी नाही. बायकांनी तोंडोतोंडी एकमेकींना सांगितलं आणि लूप बदनाम झाला. सरकार म्हणालं, बायका अडाणी आहेत, अफवा पसरवतात. अफवा होत्याही. पण बायका ज्या रक्तस्रावाबद्दल बोलत होत्या, ती अफवा नव्हती.

शिकलेल्या देशातही हेच झालं. अमेरिकेत १९७१ साली डालकन शील्ड नावाचं साधन बाजारात आलं. खेकड्यासारखं दिसणारं. त्याचा दोरा एकेरी नव्हता, एका आवरणात शेकडो बारीक तंतू होते. दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसे त्या दोऱ्यातून जंतू पिशवीत चढायचे. हे शोधून दाखवणाऱ्यांत हॉवर्ड टेटम होते, ज्यांनी ‘टी’चा आकार बनवला तेच. चिलीच्या हाइमे झिपर यांनी तांब्याचा गुण शोधला, दोन्ही मिळून आपली कॉपर टी झाली. शील्ड असताना दिवस राहिलेल्या बायकांना जंतूबाधा झाली, काही दगावल्या, पुष्कळींना पुढे मूल झालं नाही. १९७४ साली अमेरिकेत विक्री थांबली. तोवर अमेरिकी सरकारी मदतीतून ती गरीब देशांतही गेली होती. बायका कोर्टात गेल्या, हजारोंनी गेल्या, आणि १९८५ साली ए. एच. रॉबिन्स या कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. तिथे कायदा बदलला. १९७६ पासून अमेरिकेत अशी साधनं विकण्याआधी सुरक्षितता दाखवणं बंधनकारक झालं. आज आपल्या तांबीला एकेरी तंतूचा दोरा आहे, तो त्या बायकांच्या भोगण्यातून आला आहे.

आणि तिसरी गोष्ट ग्रीनलँडची. उत्तर ध्रुवाजवळचं बेट, डेन्मार्कच्या ताब्यातलं. आपल्याकडे लूप आला त्याच सुमारास, १९६६ पासून, तिथल्या इन्युइट बायकांना डॅनिश डॉक्टरांनी लूप बसवले. चार-पाच वर्षांत सुमारे ४,५०० बायका आणि मुली. शाळकरी मुलीसुद्धा. अनेकींना विचारलं नाही, सांगितलंही नाही. मूल होत नाही म्हणून दवाखान्यात गेल्यावर काहींना वर्षांनी कळलं की आत लूप आहे. २०२२ साली त्या बायकांनी तोंड उघडलं, पुढे खटला भरला. २०२५ साली डेन्मार्कच्या पंतप्रधान मेट फ्रेडरिकसन यांनी तिथल्या राजधानीत, नूकमध्ये जाऊन माफी मागितली.

या तिन्ही ठिकाणी साधन वेगळं, सरकार वेगळं. सारखं एकच, बाईच्या शरीरात काय आहे याची नोंद बाईच्या हातात नव्हती.

माझं रजिस्टर

आता माझं सांगते. मी १९८० साली नोकरीला लागले. आठ गावं, एक उपकेंद्र, पायी फिरणं. दरवर्षी टार्गेट. ऑपरेशनच्या केस एवढ्या, तांब्या एवढ्या. मार्चअखेर जवळ आली की झोप उडायची. टार्गेट भरलं नाही तर पगार अडायचा, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करायचे. आम्हीही बायकाच होतो, पण खालच्या बाईवर दाब टाकायला वरच्यांनी आम्हालाच वापरलं.

मी बसवलेल्या प्रत्येक तांबीची नोंद केली. नाव, नवऱ्याचं नाव, मुलं किती, तारीख. ते रजिस्टर वर गेलं. बाईच्या हातात काय दिलं? लोहाच्या गोळ्या आणि ‘काही त्रास झाला तर ये’. ‘तीन वर्षांनी बदलायला ये’ हे तोंडी सांगायचे, तेही घाईत, पोतंभर बायका बाकावर बसलेल्या असताना. कागद एकीलाही दिला नाही. माझी बदली झाली, रजिस्टर कपाटात गेलं, कपाट उंदरांनी खाल्लं. बायकांच्या आत तांब्या राहिल्या.

मला कोणी सांगितलं नव्हतं कागद द्यायला, हे खरं. पण मी बायकोंबड्यासारखी फिरत नव्हते, मला अक्कल होती, शाळकरी वहीचं पान फाडून तारीख लिहून देता आली असती. दिली नाही. त्या बाईने बाटली हातात ठेवली तेव्हा मला हेच आठवलं. ती रागावली नाही. म्हणाली, ‘तुमच्यावर पण वरून होतंच की.’ तिचा समजूतदारपणा मला जास्त लागला.

१९९६ साली सरकारने टार्गेट पद्धत अधिकृतपणे बंद केली. चांगलं झालं. पण हिशेबाची सवय एका परिपत्रकाने जात नाही. आता बाळंतपणानंतर लगेच, वार पडल्यावर तांबी बसवण्यावर भर आहे. साधन म्हणून ते वाईट नाही, खेपा घालाव्या लागत नाहीत. त्यासाठी योजनेत बाईला ३०० रुपये आणि आशाताईला व बसवणाऱ्याला १५०-१५० रुपये ठरवले गेले. पण कळा देणाऱ्या बाईला ‘तांबी बसवू का’ विचारणं म्हणजे संमती नव्हे. तिला सातव्या-आठव्या महिन्यात विचारलं पाहिजे, आणि घरी जाताना तिला स्वतःला ठाऊक पाहिजे की आत काय बसवलं आहे.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या शंभर बायकांत तांबीवाल्या दोघी, आणि ऑपरेशन झालेल्या ३८ निघाल्या. दोन हा आकडा लहान वाटतो. पण देशभरच्या बायका मोजल्या तर दोन टक्के म्हणजे लाखो जणी. शिवाय माझ्या बाईसारख्या, ज्यांना विसरच पडला आहे, त्या कोणत्या रकान्यात आल्या असतील?

आणि आपल्या राज्यात याची दुसरी बाजू आहे. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. ओटीपोटात दुखलं, पांढरं गेलं, लाल गेलं, की पिशवी काढा. जिथे हा सल्ला इतका स्वस्त झाला आहे, तिथे विसरलेल्या तांबीमुळे येणारा रक्तस्राव बाईला थेट ऑपरेशनच्या टेबलावर नेऊ शकतो. एका तारखेअभावी पिशवी जाते.

दोन्हीकडून अडवणूक

एक तक्रार तुमच्यातल्या कितीतरी जणींनी काल बैठकीत सांगितली. तांबी काढायला गेलं की नर्स म्हणते, ‘अजून मुदत आहे, कशाला काढतेस?’ नवऱ्याला घेऊन ये म्हणते. परत पाठवते. हे चूक आहे. मुदत ही तांबीची असते. बाईला कधी नको वाटेल, ते बाईचं. त्रास होतो म्हणून, मूल हवं म्हणून, किंवा नुसतं नको म्हणूनही ती काढून घेऊ शकते आणि सरकारी मार्गदर्शक सूचनांतही तसंच आहे. नवऱ्याची सही लागत नाही.

म्हणजे बघा, जिला काढून हवी तिला मुदत दाखवायची, आणि जिची मुदत उलटली तिला विसरून जायचं. दोन्हीकडे तारीख दवाखान्याच्या सोयीची.

आपण काय करायचं

मला मोठी ठराव-बिरावांची भाषा येत नाही. गटाने करण्यासारखं सांगते, वहीत लिहून घ्या.

एक, गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीला विचारा: कधीतरी तांबी बसवली होती का? काढली होती का? कोणी काढली, आठवतं का? ‘पडून गेली असेल’ हे उत्तर धरायचं नाही.  दोरा लागत नाही याचा अर्थ पडली असा नव्हे, वर गेलेली असू शकते. सोनोग्राफी किंवा एक्स-रे केला की कळतं. पन्नाशीपुढच्या बायकांना आणि घरातल्या सासवांना आधी विचारा.

दोन, ज्यांच्या आत तांबी आहे त्यांच्यासाठी कार्ड करा. दवाखान्याने दिलं तर उत्तम, ते मागून घ्या. नाहीतर साधा पुठ्ठा. त्यावर चारच गोष्टी: कुठली तांबी, बसवल्याची तारीख, बदलायचं साल, कुठे बसवली. सरकारी ३८० ए दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं. हॉर्मोनची असेल तर तिच्या पाकिटावरची मुदत लिहा. चाळिशीनंतर बसवलेली ३८० ए पाळी जाईपर्यंत ठेवता येते, तेही डॉक्टरला विचारून लिहा. कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, ती हरवत नाही.

तीन, या खुणांवर थांबायचं नाही: ताप आणि ओटीपोटात दुखणं, घाण वासाचं पाणी, पाळी चुकणं आणि एका बाजूला जोराची कळ, पाळी गेल्यावर लाल जाणं. तांबी असताना दिवस राहिले तर गर्भ नळीत आहे का ते त्याच दिवशी बघायचं, त्यात जीव जाऊ शकतो.

चार, दोरा स्वतः ओढायचा नाही, सुईणीकडून ओढून घ्यायचा नाही. आणि काल एकीने हळूच विचारलं, काढलेली तांबी उकळून परत बसवता येते का? नाही, बाई. किटण उकळून जात नाही आणि झिजलेलं तांबं परत येत नाही. नवीन तांबी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

पाच, कोणी ‘पिशवी काढा’ म्हणालं की आधी सोनोग्राफीचा कागद मागा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, आणि तांबीचा प्रश्न तोंडाने विचारा. सोबत गटातली एक तरी जावी.

सहा, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गट मिळून जा आणि मागणी करा की तांबी बसवताना प्रत्येकीला तारखेचं कार्ड द्या, मुदत संपणाऱ्या बायकांची यादी काढून आशाताईमार्फत निरोप द्या, आणि काढायला आलेल्या बाईला परत पाठवू नका. हे मागताना तिथल्या नर्सबाईशी भांडू नका. तिच्यावरही वरून असतं. ती आपल्या बाजूला आली तर काम लवकर होतं, हे मी त्या खुर्चीत बसून सांगते.

गेली काही वर्षं मी माझ्या जुन्या आठ गावांत फिरते आहे. रजिस्टर नाही, म्हणून आठवणीतून नावं काढते. कोणी मेलं, कोणी मुंबईला गेलं, कोणी दार उघडून ‘सिस्टर, तुम्ही अजून जिवंत?’ म्हणतं. आतापर्यंत अकरा जणी सापडल्या ज्यांची तांबी आतच होती. नऊ जणींनी काढून घेतली. एक विचार करते म्हणाली. एकीची मुलं नको म्हणतात, तिच्याकडे मला पुढच्या आठवड्यात परत जायचं आहे.

ती बाटली कुठपर्यंत पोचली? मागे पोचली का? बघून झाली की इकडे द्या. उद्या दुसऱ्या गावात न्यायची आहे.